जुनी टर्बो गाडी: आधी भरवसा, मग पकड, शेवटी ताकद

आजच्या भागात जुन्या टर्बो पेट्रोल गाडीबद्दल बोलायचं आहे. समजा, पंधरा-वीस वर्षांपूर्वी वेगासाठी नावाजलेली आणि आज बऱ्याच कमी किमतीत मिळणारी अशी गाडी तुमच्या दारात उभी आहे, किंवा तुम्ही ती घ्यायच्या बेतात आहात. हातात पैसे मोजके आहेत. ते कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च करायचे, एवढाच आपला आजचा प्रश्न.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिला पैसा इंजिन टिकवण्यासाठी. दुसरा पैसा गाडी नीट थांबावी आणि नीट वळावी यासाठी. ताकद वाढवण्याचा विचार शेवटी, तोही पैसे उरले तर. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात आणि मग गाडी सहा महिने गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडते.

माझी नोकरी सैन्यात, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. ताफ्यातली गाडी डोंगरात बंद पडली की मागच्या सगळ्या गाड्या अडकतात आणि वर वाट बघणाऱ्यांचं रेशन अडकतं. त्यामुळे गाडी किती पळते यापेक्षा ती पोचते का, हे आधी पाहायची सवय लागली. निवृत्तीनंतर कोलकात्यात स्थायिक झालो. सवय सुटलेली नाही.

उदाहरणासाठी एक गाडी

सगळ्या गाड्यांबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवू: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, पहिल्या पिढीची. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला कारखाना सुरू केला आणि ऑक्टाव्हिया तिथे जोडली जाऊ लागली. आरएस आपल्याकडे २००४ च्या सुमाराला आली. इंजिन १७८१ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, वर टर्बो. ताकद १५० अश्वशक्ती, टॉर्क २१० न्यूटन-मीटर. त्या काळात आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेल असा समज होता, त्यामुळे या पेट्रोल गाडीचं अप्रूप मोठं होतं.

तुमच्याकडे फियाट लिनिया टी-जेट असेल, रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो असेल, लॉरा असेल, तरी खालचं बरंचसं लागू पडेल. भागांची नावं आणि मापं बदलतील, क्रम बदलणार नाही.

टर्बो जुना झाला म्हणजे नेमकं काय होतं

इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक छोटा पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. तत्त्व इतकं सोपं आहे. पण तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, पूर्ण जोरात असताना एका बाजूचा वायू आठशे-नऊशे अंशांवर असतो आणि या सगळ्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. तेल वेळेवर आणि स्वच्छ पोचलं नाही, तर टर्बो फार काळ तग धरत नाही.

साध्या इंजिनात एखादा पाइप थोडा गळला, तेल दोन महिने उशिरा बदललं, तरी ते कुरकुरत चालत राहतं. टर्बो इंजिनात अशी छोटी हयगय उष्णता वाढवते, उष्णता रबर आणि प्लास्टिक खाते, त्यातून नवी गळती होते. वीस वर्षांच्या गाडीत या साखळीची पहिली कडी बहुधा आधीच तुटलेली असते. म्हणून वर आणखी ताकद चढवण्याआधी ती कडी शोधायची.

एका तरुणाची यादी

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवात एक तरुण भेटला. मूळचा संभाजीनगरचा, सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये नोकरी. त्याने २००५ ची आरएस विकत घेतली होती. दिवाळीला बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन याच गाडीने गावी जायचा बेत होता: खरगपूर, संबलपूर, रायपूर, नागपूर आणि पुढे समृद्धी महामार्गाने घर. दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर.

त्याने फोनवर यादी दाखवली. इंजिनच्या संगणकाचं रीमॅपिंग, मोठा सायलेन्सर, सतरा इंची चाकं, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. बजेट तीन लाख.

मी विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"काका, आधीचा मालक म्हणाला, बदललाय."

"बिल आहे?"

बिल नव्हतं. "मग तो बदललेला नाही असंच धरायचं," मी म्हटलं. "सैन्यात लॉगबुकात नोंद नाही म्हणजे काम झालेलं नाही."

त्याची बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, रात्री जंगलात बंद पडली तर काय करायचं, एवढंच मी विचारते. त्यावर हा सायलेन्सरचा आवाज ऐकवतो." खरा प्रश्न तिने विचारला होता. पुढचे सगळे मुद्दे त्या प्रश्नाचं उत्तर आहेत असं समजा.

पहिला टप्पा: भरवसा

टायमिंग बेल्ट. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. वीस व्हॉल्व्हचं हेड उतरवून दुरुस्त करायचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. मी साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते धरतो. गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढत असतं. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्रच बदला, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो. जुन्या पंपांच्या आतला पंखा प्लास्टिकचा असे आणि वयाबरोबर तडकत असे. धातूच्या पंख्याचा पंप घ्या. सुधारणा म्हणायची तर ही पहिली खरी सुधारणा.

तेल. पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० ही मान्यता लिहिलेली हवी. कंपनीच्या पुस्तकात अंतर काहीही असो, कोलकात्याच्या उकाड्यात आणि सिग्नलवरच्या रांगेत मी साडेसात हजार किलोमीटर किंवा सहा महिने यापुढे जाऊ देत नाही. गाडीचा इतिहास माहीत नसेल तर एकदा ऑइल पॅन उतरवा. तळाशी तेल ओढणाऱ्या नळीला जाळी असते, ती काळ्या चिकट गाळाने बुजते. जाळी बुजली की तेलाचा दाब पडतो आणि पहिला मार टर्बोला बसतो. शिवाय टर्बोला तेल पुरवणारी बारीक नळी तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळून जाते, तिच्या आत तेल जळून कोळसा धरतो. ती नळी साफ करण्यात वेळ घालवू नका, नवी घाला. तिच्यावरचा उष्णतेचा पत्रा पुन्हा जागेवर बसला का, तेही पाहा. मेकॅनिक तो बरेचदा बाजूला ठेवून विसरतात.

कूलिंग. या गाडीत जी-१२ जातीचं गुलाबी कूलंट होतं. त्यात हिरवं-निळं काहीही मिसळू नका, अन् नळाचं पाणी तर मुळीच नको. हेडच्या बाजूला प्लास्टिकचा फ्लँज असतो, तो ठिसूळ होतो. थर्मोस्टॅट आणि तापमानाचा सेन्सर त्याच वेळी बदलून टाका. हे भाग स्वस्त आहेत, पण त्यातला एक दगावला तर इंजिन तापतं आणि हेड वाकतं.

इग्निशन. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल आहे. जोर दिल्यावर गाडी झटके देते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो, तेव्हा बहुधा कॉइल गेलेली असते. चारही बदला आणि काढलेल्यांतली एक चांगली डिकीत ठेवा. प्लग बरोबरच नवे.

हवेची गळती. या इंजिनात रबरी नळ्यांचं जाळं आहे आणि वीस वर्षांत त्या कडक होऊन चिरतात. टर्बोने दाबलेली हवा वाटेत गळली, तर ठरलेला दाब मिळवण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी थोडी मंद झाली, आत टर्बो झिजत असतो. दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो, त्याचा पडदा फाटतो. अशी गळती शोधायला धुराची चाचणी करतात: नळ्यांमध्ये धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं. तासाभराचं काम आहे. डोळे झाकून चार सेन्सर बदलण्यापेक्षा ही चाचणी कितीतरी स्वस्त पडते.

पेट्रोल. ही गाडी बनली तेव्हा आपल्या पंपांवर ई-२० नव्हतं. आता वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल देशभर आलं आहे. इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून हिशेबाने सहा-सात टक्के जास्त इंधन लागतं. गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे बघून तेवढं सांभाळून घेऊ शकतो. पण नळ्या चिरलेल्या असतील, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण आधीच पातळ झालेलं असतं. सावरायची मर्यादा तिथेच संपते. दुसरी अडचण रबराची. जुन्या इंधन नळ्या आणि सील इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलची नळी पाझरणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या नळ्या, नवे क्लँप आणि नवा इंधन फिल्टर, हे पहिल्याच टप्प्यात घाला. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे बंगालच्या दमट हवेत अर्धी टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

मल्लिक बाजार आणि अॅम्बेसेडरची शिकवण

कोलकाता हे जुन्या गाड्या जगवणारं शहर आहे. स्टेट्समनच्या रॅलीत इथल्या जुन्या मोटारी दिमाखात निघतात. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत अॅम्बेसेडर बनत होती आणि इथल्या मेकॅनिकांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर हात बसवत वाढल्या. त्यांच्या हातांना मी सलाम करतो. पण अॅम्बेसेडरला तारेने बांधलेला पाइप चालत असे, टर्बो गाडीला चालत नाही. दाबाखालचा पाइप तारेने बांधला तर भर हायवेवर तो सुटणार.

मल्लिक बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, तसा हा आमचा बाजार. तिथून काय घ्यायचं याचा माझा नियम साधा आहे. बंपर, हेडलाइट, आरसे, दाराची कडी, काचेची मोटर, आतलं प्लास्टिक, सीट, हे खुशाल घ्या. जे भाग नवे मिळत नाहीत ते तिथे सापडतात आणि बिघडले तरी जीव जात नाही. पण बेल्ट, पंप, टर्बो, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि कोणतंही रबर जुन्या बाजारातून घ्यायचं नाही. या गाडीचं एक बरं आहे. हेच इंजिन आणि हाच सांगाडा फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत होता, त्यामुळे भागाचा क्रमांक हाती असेल तर नवे भाग अजून मिळतात. दुकानात जाताना गाडीचं नाव सांगू नका, भागाचा क्रमांक सांगा.

दुसरा टप्पा: पकड

आता थांबणं आणि वळणं. लोक इथे थेट स्प्रिंगांवर जातात. खरं तर सुरुवात टायरपासून करायची, कारण रस्त्याला टेकलेली एकमेव गोष्ट तीच आहे.

टायरच्या कडेला चार आकडी छाप असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर मी वेगासाठी वापरत नाही. त्या तरुणाला समृद्धी महामार्गावर चारशे किलोमीटरहून जास्त जायचं होतं. सिमेंटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, मध्ये ब्रेक लावायचं कारण नाही. अशा रस्त्यावर टायर सतत तापत राहतो. टायर जुना आणि त्यात हवा कमी, तर तो फुटतो. म्हणून मोठ्या चाकांचे पैसे कंपनीच्या मापाच्या उत्तम टायरांवर घालवा. त्यांची कड उंच असते, खड्ड्यात रिम वाचते, आणि पावसाळ्यात कोलकात्याच्या रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली लपलेले असतात.

मग ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाटात सारखा ब्रेक लागला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावा. वीस वर्षांच्या रबरी होज काढून नव्या घाला. त्या पोलादी जाळीच्या घेतल्या तर पेडल आणखी घट्ट लागतं. चांगले पॅड आणि सरळ डिस्क मिळाल्या, तर रस्त्यावरच्या वापरासाठी मोठ्या ब्रेकची गरज बहुतेकांना पडत नाही.

त्यानंतर बुश. हा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही. पुढच्या लोअर आर्मचा मागचा बुश झिजला की ब्रेक लावताना चाक किंचित मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मागच्या एक्सलचे बुश गेले की वळणात मागची बाजू उशिरा, डुलत येते. जुनी गाडी ढिली लागते ती बहुतेक वेळा याच रबरामुळे. याच सांगाड्यावरच्या ऑडी टीटीचा भरीव रबराचा बुश या लोअर आर्ममध्ये बसतो. स्टिअरिंगला त्याने लगेच नेमकेपणा येतो आणि हादरे फारसे वाढत नाहीत. कडक पॉलियुरेथेनचे बुश रोजच्या गाडीत मी टाळतो. ते कुईकुई करतात आणि प्रत्येक खड्डा हातात पोचवतात. लिंक रॉड, बॉल जॉइंट, टाय-रॉड एंड आणि वरची माउंटिंग याच वेळी तपासा.

शॉकअॅब्सॉर्बर नेहमी जोडीने बदला. त्यांचं काम टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं आहे. मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि थोडे कडक, चांगल्या प्रतीचे शॉकअॅब्सॉर्बर, हा माझ्या मते आपल्या रस्त्यांवरचा सर्वांत शहाणा हँडलिंग अपग्रेड.

गाडी फार खाली बसवली तर काय बिघडतं, तेही समजून घ्या. वळताना गाडीचा वरचा भाग एका काल्पनिक केंद्राभोवती झुकतो. या पद्धतीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये गाडी खाली आणली की तिचं वजन जेवढं खाली येतं त्यापेक्षा ते केंद्र जास्त खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे झुकण्याची ओढ कमी होण्याऐवजी वाढते. शिवाय स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही आणि भर वळणात ती रबरी ठोकळ्यावर आपटते. दिसायला शर्यतीची गाडी, वागायला हातगाडी.

मागचा अँटी-रोल बार थोडा जाड घातला तर ही पुढच्या चाकांची गाडी वळणात बाहेर पळायची कमी होते. पण फार जाड बार घेऊ नका. ओल्या रस्त्यावर मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू सुटू शकते आणि आमच्याकडे ट्रामच्या ओल्या रुळांवर तर नक्कीच. सगळं झाल्यावर अलाइनमेंट करा. त्याआधी केलेली अलाइनमेंट म्हणजे फुकट गेलेले पैसे, कारण ढिल्या बुशवर घेतलेलं माप दुसऱ्या दिवशी तेच राहत नाही.

तिसरा टप्पा: ताकद

रीमॅपिंगने या इंजिनातून बरीच जास्त ताकद निघते, यात खोटं काही नाही. पण ती फुकट येत नाही. क्लचवर, टर्बोवर आणि कूलिंगवर भार येतो. या गाडीचा इंटरकूलर छोटा आहे आणि पुढच्या चाकाच्या कोनाड्याजवळ बसवलेला आहे. मे महिन्यातल्या कोलकात्यात तो मूळ ताकदीलाच दमतो. दाबलेली हवा गरम राहिली की पेट्रोल वेळेआधी पेटतं, संगणक स्वतःच इंजिनचा जोर आवरतो आणि विकत घेतलेली ताकद उन्हाळ्यात दिसतही नाही. आधी त्या इंटरकूलरची चिखलाने भरलेली जाळी धुवा. तेवढ्यानेही फरक कळतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. झिजलेला भाग त्याच तोडीच्या नव्या भागाने बदलणं ही दुरुस्ती झाली, इंजिनची ताकद बदलणं हा फेरफार. अपघात झाला तर विमा कंपनी हाच प्रश्न विचारेल. शंका असेल तर काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला विचारा. आणखी एक गोष्ट: खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. २००५ ची गाडी घेताना ते नूतनीकरण झालंय का ते आधी पाहा. व्हिंटेज म्हणून सवलत मिळेल या भ्रमात राहू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

पैशांची वाटणी आणि तीन फेऱ्या

त्या तरुणाला मी वाटणी सांगितली: शंभरातले पन्नास पहिल्या टप्प्याला, तीस दुसऱ्याला, वीस हात न लावता बाजूला. वीस वर्षांची गाडी उघडली की न ठरवलेलं काहीतरी निघतंच, ते वीस त्यासाठी. रीमॅपिंग आणि सायलेन्सर यादीतून गेले. तो थोडा हिरमुसला, पण ऐकलं.

बेल्ट काढला तेव्हा त्याच्या कडा सुटायला लागल्या होत्या. वॉटर पंपाचा प्लास्टिकचा पंखा दांड्यावर ढिला फिरत होता. मेकॅनिकने तो त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिने फिरवून पाहिला आणि नवऱ्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही.

काम झालं की लगेच लांबच्या प्रवासाला निघायचं नसतं. आम्ही तीन फेऱ्या ठरवल्या. पहिली शहरातच, पन्नास किलोमीटर. दुसरी कोलाघाटपर्यंत जाऊन-येऊन. तिसरी दिघ्याला, सहकुटुंब, सामानासकट. कोलाघाटच्या फेरीनंतर कूलंटची पातळी बोटभर खाली गेलेली दिसली. फ्लँज नवा होता, पण शेजारच्या जुन्या नळीचा क्लँप सैल होता. घराजवळ सापडला म्हणून काही रुपयांत निभावलं. दिघ्याच्या फेरीत पातळी जागच्या जागी राहिली, तेव्हा मी म्हटलं, "आता जा."

सैन्यात गाडीच्या तीन तपासण्या असतात: निघण्यापूर्वी फर्स्ट परेड, थांब्यावर हॉल्ट परेड, पोचल्यावर लास्ट परेड. त्या मी त्याच्या बायकोला कागदावर लिहून दिल्या, कारण तीच न चुकता करेल याची खात्री होती. निघताना तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरमधली हवा. थांब्यावर गाडीखाली थेंब आहेत का, चाकाजवळ हात नेल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का, पेट्रोलचा वास येतो का. पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. जोरात चालवून आल्यावर दोन मिनिटं सावकाश चालू ठेवायचं, म्हणजे टर्बो थंड होतो आणि त्यातलं तेल जागच्या जागी जळत नाही. आणि वाटेत पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

तीन दिवसांत ते घरी पोचले. कागदावरच्या नोंदींचा फोटो मला आला. प्रत्येक थांब्यापुढे वेळ, किलोमीटर आणि बरोबरची खूण. संबलपूरच्या पुढे एका टायरमध्ये हवा कमी भरली, तेवढी एकच नोंद वेगळी होती.

कधी नाही म्हणायचं

शेवटी एक कटू गोष्ट. प्रत्येक जुनी टर्बो गाडी वाचवायच्या लायकीची नसते. चार सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक असेल, सस्पेन्शन जिथे बसतं तिथला किंवा दाराखालचा पत्रा गंजलेला असेल, नाहीतर तुमच्या पन्नास किलोमीटरच्या आत ही गाडी समजणारा मेकॅनिक नसेल, तर मोह आवरा. शंभरातले पन्नास तिथे पुरत नाहीत. पण पत्रा चांगला, कॉम्प्रेशन सारखं आणि कागद नीट असतील, तर वर सांगितलेल्या क्रमाने जा. गाडी मूळची १५० अश्वशक्तीची आहे. त्या दीडशे पुन्हा पूर्ण मिळाल्या आणि चारही टायर रस्त्याला धरून राहिले, तर बऱ्याच जणांना रीमॅपिंगची आठवणही राहत नाही.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आजच एक वही घ्या. पहिल्या पानावर टायमिंग बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहा. बिल सापडत नसेल, तर ते पान कोरं ठेवा आणि उद्या गॅरेज गाठा.